गॅरेजातले करमाड

करमाडच्या फलाटावर मला पोचवायला आई आली होती आणि तिच्यासोबत आमच्या गल्लीतली गयाबाई. त्या काळी आमच्याकडे मीटर गेजची छोटी गाडी धावत असे आणि ती तासाभरात औरंगाबादला पोचवी. त्यामुळे माझे रडणे गयाबाईला फार विनोदी वाटले. "अगं, लेक विलायतेला चालली जणू! सकाळी भाकर खाऊन निघालीस तर दुपारी ताक प्यायला माघारी येशील," ती म्हणाली. आई हसली नाही आणि रडलीही नाही. तिने माझी पत्र्याची पेटी बाकाखाली सरकवली, खाली उतरून खिडकीच्या गजाला हात लावला आणि एवढेच बोलली, "मन लागलं नाय तर ये. बोलावणं धाडणार नाय मी. बोलावलं की शिकणाराचा पाय माघारी वळतो."

तिने ते पाळले. इतक्या वर्षांत तिने मला एकदाही 'ये' म्हटले नाही. बोलावणे नाही या सबबीवर मी किती वेळा गेले नाही, हे मोजण्याचे धाडस मला होत नाही.

कन्नडहून, खुलताबादहून, शेजारच्या एखाद्या गावाहून जे माझ्यासारखे शिकायला शहरात आले आणि इथेच राहिले, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठीही, जरी त्यांच्यापुढे तोंड उघडायला मला अजून संकोच वाटतो. समुद्रापार गेलेल्यांच्या आठवणी मी आवडीने वाचते, आणि खरे सांगायचे तर त्यांचा थोडा हेवाही करते. त्यांच्याजवळ विमानाचे भाडे, रजा, व्हिसा अशी भक्कम कारणे असतात. माझ्या आणि आईच्या मधे जालना रस्ता आहे, शेंद्र्याचे कारखाने आहेत आणि हात दाखवला की थांबणाऱ्या जीपगाड्या. इतक्या जवळच्या स्थलांतराला कोणी स्थलांतर म्हणत नाही. पण माणूस दूर जायला मैल लागत नाहीत. वसतिगृहातून पहिल्या सुटीत घरी गेले आणि आईला "पाणी हवे आहे का?" असे पुस्तकी भाषेत विचारले, तेव्हा तिने गयाबाईकडे पाहून म्हटले होते, "आमच्याकडं पाव्हणी आलीया. जरा चटई टाक तिला."

पुढे गणित शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. सिडकोत आम्ही बेताचे घर बांधले. खाली गॅरेज, त्याला लागून जिना आणि वर राहण्याच्या खोल्या. आईचे गुडघे झिजत गेले तसे तिचे येणे कमी झाले, कारण जिना तिला चढवत नसे. धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याच्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती थोडे दिवस राहून परत आली. "तिथं समदं हाय, बोलायला माणूस नाय," एवढाच तिचा अहवाल. आम्ही मोटार विकली तेव्हा माझे पती सुरेश म्हणाले, "गॅरेजची खोली करू. आई खाली राहतील, जिन्याचा प्रश्नच मिटेल." त्यांनी प्लंबर बोलावून कोपऱ्यात मोरीसाठी नळ काढूनही ठेवला.

मग मी करमाडला जाऊन आईला विचारले. विचारले म्हणजे काय, ओळखीच्या माणसाला चहाला बोलवावे तसे विचारले. ती म्हणाली, "लेकीच्या दारात म्हातारपण काढू व्हय? पोराला जड झाली म्हणतील लोक." आमच्याकडे म्हातारी माणसे अशा प्रश्नाला पहिल्यांदा नाहीच म्हणतात, दुसऱ्यांदाही म्हणतात. विचारणाऱ्याचा जीव किती आहे ते त्यांना पाहायचे असते. तिसऱ्यांदा विचारले की ती गप्प बसतात, आणि ते गप्प बसणे हाच होकार. ही रीत मी लहानपणापासून पाहिलेली. तरीही मी एकदाच विचारले, "बरं" म्हणाले, आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर मला हायसे वाटले. माझी शांतता, माझी पुस्तके, माझ्या ठरलेल्या वेळा, सारे वाचले होते. त्या हायसे वाटण्याची लाज मला आजही वाटते, आणि पुढे जे केले ते त्याच्याच पोटातून आले.

निवृत्तीनंतर एका दुपारी मी कुठल्याशा थंड देशातल्या वृद्ध गृहस्थाची चित्रफीत पाहिली. त्याने आपल्या गॅरेजमध्ये आपल्या गावचे रेल्वे स्टेशन उभारले होते. हातभर लांबीची गाडी डोंगरातून येई, फलाटाशी थांबे, पुन्हा निघे. मी ती चित्रफीत परत परत पाहिली. नवे काही शिकण्याचे वय उलटले असे मनाशी म्हणतच मी पुस्तक मागवले, छांदिष्टांच्या एका ऑनलाइन गटात शिरले, आणि आजतागायत तिथे एकही शब्द लिहिलेला नाही. पण निर्णय झाला होता. आमच्या रिकाम्या गॅरेजमध्ये करमाडचे जुने स्टेशन होणार होते, मीटर गेजच्या काळातले, ब्रॉडगेज येण्यापूर्वीचे.

प्रत्यक्षाच्या सत्याऐंशीव्या भागाचे प्रमाण मी धरले. त्यात मीटर गेजचे रूळ बारा मिलिमीटर रुंदीचे येतात. मग आकडेमोड सुरू झाली आणि मी आनंदात बुडाले. सारे प्रमाणात बसवायचे तर नुसते स्टेशनच एक अख्खी भिंत खाई, म्हणून काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवणे आले. स्टेशनमास्तरांची कचेरी ठेवली, पाण्याची टाकी ठेवली, मालधक्का अर्धा केला. आमचे घर स्टेशनपासून अर्ध्या किलोमीटरवर. हिशेबाने ते गॅरेजच्या भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या पेरूच्या झाडात गेले. मी ते सोडून दिले. पुस्तकात नियम होते: वळण फार आवळू नये, नाहीतर डबे घसरतात, फळी हाताच्या पोचेपेक्षा रुंद करू नये. गाडी न थांबता फिरत राहावी अशी माझी इच्छा, म्हणून रुळांचा फेरा पूर्ण करायचा तर एक फळी शटरच्या तोंडावर आडवी टाकावी लागत होती. त्यावरही पुस्तकात उपाय होता. माणसाने फळीखालून वाकून आत जायचे, मग मधोमध उभे राहायचे आणि चहूबाजूंनी आपला मुलूख पाहायचा. जुनी टेबले आणि प्लायवूड मांडून मी तसा साचा उभा केला, त्यावर आणि खाली जमिनीवर खडूने सगळे आखले. दिवसातून अनेकदा मी त्या फळीखालून आत जाई. दर वेळी मला फार सुखी वाटे.

रविवारी आईचा फोन असे. "काय चाललंय?" "काही नाही, वाचन." करमाडच्या फलाटाची लांबी मला तोंडपाठ होती, आईला रात्री गुडघ्यांमुळे झोप लागते का, हे मी विचारीत नव्हते. विचारले असते तर उत्तर आले असते.

गेल्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवायला ती आली, गयाबाईला घेऊन. जिना चढवणार नव्हता, म्हणून अंगणातच बसायचे ठरले. मी वर चहा टाकत होते. खुर्च्या काढायला सुरेशनी शटर उचलले, आणि तो आवाज ऐकताच मी गॅस बंद करून खाली धावले.

आई काठीवर भार देऊन उंबऱ्याशी उभी होती. "हे काय गं? मोजणीवाले येऊन गेले का?"

"आई, हे करमाड आहे," सुरेश कौतुकाने म्हणाले. "सुजाता तुमचं स्टेशन करतेय."

"करमाड? मंग मी आत्ता कुठनं आले?"

गयाबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. आई मात्र निरखून पाहत होती. तिला ते आवडले होते, हे मला तिच्या मानेवरून कळत होते. "ही टाकी व्हय? अन् हितं मास्तरचं हापीस. आपलं घर कुठंय?"

"त्या भिंतीच्या पलीकडे येतं. पेरूच्या झाडात."

"झाडावर चढवलंस मला," ती म्हणाली, आणि मग फळीला हात लावून तिने विचारले, "आत कुठनं जायचं माणसानं?"

मी फळीवरचा खडू बोटाने पुसू लागले. शेवटी सुरेशच म्हणाले, "खालून. जरा वाकून."

आईने फळीकडे पाहिले, मग आपल्या गुडघ्यांकडे. "लई भारी केलंस बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला गंमतच वाटत होती. "गावात वाकून शिरायचे दिस तुझ्या आज्यानं सरवले. बाबासाहेबांच्या मागं जाऊन सरवले. अन् तू शिकून-सवरून पुन्हा तसलंच दार केलंस."

गयाबाईचे हसू थांबले. मी काहीतरी पुटपुटले, की पुस्तकात तसेच दिले आहे. आईची नजर तोवर कोपऱ्यात गेली होती. "अन् तो नळ कशाला? गाडीला पाणी भरतीस?"

"तो तुमच्यासाठी काढला होता, आई," सुरेश म्हणाले.

मग मी विचारले, घाईघाईने, चार माणसांसमोर चूक पकडली गेलेल्या विद्यार्थिनीसारखे: "आई, ये ना राहायला."

"आता? समदं मांडून झाल्यावर? नगं बाई. तुझी गाडी मोडंल." तिने खुर्ची मागितली, अंगणात बसून चहा घेतला, बशीत ओतून, निवांत. जाताना सुरेशना म्हणाली, "जावईबापू, तिच्यावर रागावू नका. लहानपणी खेळायला फुरसत कुठं मिळाली तिला." रागावण्यापेक्षा ते ऐकणे कठीण होते.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट पाहिली नाही. करमाडला गेले. ओसरीत आई लसूण सोलत होती आणि गयाबाई तिला निवडून देत होती. जेवढे म्हणून शब्द जुळवले होते ते सगळे एसटीतच सांडले होते. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "ती फळी काढून टाकली मी. मोरी करून घेतेय. तू माझ्याकडे चल. तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. तरी चल."

आईने हातातली पाकळी सोलून पूर्ण केली. मग दुसरी घेतली. बोलली गयाबाईच. "नेतीस व्हय हिला? ने. तुला आता ठेसन पुरंना, ठेसनातलं माणूसबी पायजे." हसत म्हणाली, पण उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आई सोलतच राहिली. सगळा लसूण संपल्यावर आतल्या दिशेने हाक मारून म्हणाली, "गया, ती सुतळी दे तिला."

गयाबाईने आणून दिली. आईच्या बाजेचे माप होते. एक गाठ लांबीची, एक रुंदीची. ते कधी घेऊन ठेवले होते, मी विचारले नाही. "दुसरा पलंग आणू नका," गयाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली. "हिला हीच बाज लागती. अन् मला बी कधीमधी बोलव. हिच्यावाणी माझं नाय, मला एकदाच बोलावलं तरी मी येती."

घरी येऊन टेबले भिंतीकडे सरकवून मी ती सुतळी गॅरेजमध्ये जमिनीवरच्या खडूच्या आखणीवर लावली. ती फलाट ओलांडून गेली, मालधक्का तिच्या आत आला, आणि मोठ्या वळणाचा निम्मा भागही. मी ओले फडके आणून खडू पुसला. पुसताना आनंद झाला असे लिहिले तर ते खोटे होईल. ते वळण फार सुरेख साधले होते आणि मला त्याचे वाईट वाटले. वाईट वाटल्याचेही वाईट वाटले. आता खिडकीखालच्या भिंतीला एकच अरुंद फळी राहील. गाडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईल आणि तिथून उलटी परत येईल. गटातले जाणकार अशा आराखड्याला फारसे मोजत नाहीत.

मोरीचे काम अजून चालू आहे आणि आईचे येणे डॉक्टरांच्या तारखेवर आहे. करमाडच्या ओसरीत गयाबाई एकटीच लसूण सोलू लागेल, त्याचे काय करायचे, हे मला कळलेले नाही. माझे एक घर गावी आणि एक शहरात, असे मी आजवर सांगत आले; दोन्हीकडे मी पाहुणीच होते. हल्ली कोणी विचारले तर मला गॅरेजमधली ती जागा दिसते, जिथे मी नव्या खडूने बाजेएवढा चौकोन आखून ठेवला आहे. तिथे अजून काहीच नाही. तरी झाडू मारताना मी त्यावर पाय देत नाही, बाजूने वळसा घालून जाते.