हेरथचे अक्रोड

"काका, पंडित स्वतःहूनच गेले ना काश्मीरमधून? दिल्लीत बेटर जॉब्ज होते. मी अख्खा पॉडकास्ट ऐकलाय," इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या मराठी मंडळातला मिहिर परवा शिवरात्रीच्या फराळाला म्हणाला, आणि शांतपणे वाटीतला भिजवलेला अक्रोड तोंडात टाकला. त्या ओल्या, तुरट वासासकट त्याच्या निर्धास्तपणाची मला किळस आली.

"तू ऐकलंस. मी त्यांच्याच घरात भाडेकरू होतो," मी म्हणालो.

१९९०च्या सुमारास बँकेने माझी श्रीनगरला बदली केली होती. घरमालक मास्टरजींकडे हेरथ, म्हणजे त्यांची शिवरात्र, नुकतीच झाली होती. पूजेच्या घड्यात अक्रोड भिजवायचे, अमावास्येला प्रसाद म्हणून वाटायचे आणि पहिला वाटा शेजारच्या हाजराआपांना द्यायचा, ही त्या घराची रीत. त्या वर्षी अमावास्येआधीच दारावर धमकीचा कागद चिकटला. हाजराआपा अनवाणी धावत आल्या.

"मास्टरजी, आजच निघा. माझ्या सख्ख्या भावाला त्या बंदूकवाल्यांनी सोडलं नाही, तुम्हाला सोडतील?"

मास्टरजींनी म्हाताऱ्या आईला शाल गुंडाळून ट्रकमध्ये बसवले. आठवड्याभरात परततील, असे मला तेव्हा वाटले होते. आज त्या भाबडेपणाचे हसूही येत नाही.

चांगल्या नोकरीसाठी जाणारा माणूस सण पुरा करून जातो, मिहिर. अमावास्येला मी माझ्या वरच्या खोलीतून खाली उतरलो, तेव्हा देवघरातल्या घड्यात सगळे अक्रोड तसेच भिजत पडले होते.