डवऱ्यातली गोगलगाय

कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेली एक समुद्री गोगलगाय मी गेल्या वर्षी एग्मोरच्या घरी कॉफीबरोबर तोंडाला लावली.

यात माझी काडीचीही चूक नव्हती! गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून शिणून आलो, ओट्यावरचा माझा डवरा (कॉफी निववायची पसरट वाटी) उचलला, कॉफी ओतली आणि भुरके मारत संपवली. तेवढ्यात बायको आली.

"या डवऱ्यात माझा शंख वाळत होता."

"कसला शंख?"

"मोहरीएवढा. अरियलूरच्या मातीत सापडलेला. त्या जातीचा अखंड असा तो एकच आहे रे! उद्या सर बघायला येणार आहेत. माझी सगळी पीएचडी त्याच्यावर अडलीय."

माझं टाळकंच सटकलं. "घरात डब्या नाहीत? आधी माती चाळायला माझी चहाची गाळणी नेलीस. मग शंख घासायला माझा टूथब्रश. आता डवरा?"

"ओरडू नकोस, पोट हलतं," असं म्हणत तिनं ॲसिडिटीच्या औषधाची गुलाबी बाटली आणली. माझी जळजळ हिला आजवर कधी दिसली नव्हती! मी जरा निवळलो.

"आ कर. शंख चुन्याचा असतो, पोटातल्या आम्लात विरघळेल."

म्हणजे औषध शंखाला! मी नुसतं पातेलं!

सासरे तंजावरचे मराठी, जावयाला 'माप्पिळ्ळै' म्हणणारे. ते शांतपणे म्हणाले, "माप्पिळ्ळै, कोपम नक्को. रागानं काय होतंय? केळं खावा. सकाळी येतंय बाहेर."

"आणि मग?" मी गुरगुरलो.

बायकोनं गाळणी पुढे केली.

मग मात्र मी पेटलो. गाळणी भिरकावली, बाटली आपटली, गोगलगायींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बायको मटकन खुर्चीत बसून रडायला लागली, तरी माझं तोंड चालूच. सासरे मात्र चष्मा सावरत माझ्या नाकापाशी आले.

"हलू नक्को. मिशीत काय ते?"

बायकोनं डोळे पुसले, चिमटा आणि भिंग आणलं. मोहरीएवढा शंख अखंड निघाला, कॉफीनं जरासा तपकिरी झालेला.

तिला पीएचडी मिळाली. प्रबंधात सासऱ्यांच्या नजरेचे आभार आहेत, अगदी गाळणीचेही आहेत. माझे नाहीत! याचा मला अजून संताप येतो. पण तो व्यक्त करायला सवड कुठली? रोज कॉफी झाली की मला हनुवटी वर करून गप्प उभं राहावं लागतं, आणि बायको माझ्याच टूथब्रशनं माझी मिशी झाडून घेते.