दाजींचे बल्ब

नांदेडात लातूर रस्त्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. हॉर्न, वायरिंग, बॅटरी सगळं करतो, पण लोक मला ओळखतात ते हेडलाइटसाठी. बल्ब विकणं सोपं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. जुना काढायचा, नवा बसवायचा. खरं काम त्याच्या आधीचं असतं. गिऱ्हाईक "लाइट कमी पडतो" म्हणालं की मी विचारतो, गाडी कुठल्या रस्त्यावर चालते, किती वाजता चालते, पुढची काच पिवळी पडलीय का. आणि शेवटी विचारतो, चालवणाऱ्याचे डोळे कसे आहेत? हा शेवटचा प्रश्न मी माझ्या दाजींना दीड वर्षं विचारला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला कंधारला. स्वतःची सात सीटची गाडी होती, ती लातूरला भाड्यानं न्यायचे. पोरं लातूरला शिकवणीला ठेवलेले आईबाप, दवाखान्याला निघालेली माणसं, असं त्यांचं गिऱ्हाईक. पहाटे अंधारात निघायचं, दिवेलागणीला परत यायचं. माणूस उंच, आवाज मोठा, कपडे कायम पांढरे आणि कडक इस्त्रीचे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "बल्बवाल्या" म्हणायचे, तेही चारचौघांत. माझ्या लग्नाच्या पंगतीत माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी बल्बवाल्याला दिली, आता घरात लाइट तरी चांगली राहील." पंगत हसली. सासरेही हसले. मी शेजारीच बसलो होतो, खाली मान घालून जेवत राहिलो.

तरी माझा खरा राग त्यापायी नव्हता. आई गेली त्या दिवशी मी दुपारीच कंधारला फोन केला होता. डॉक्टरनं आशा सोडलीय, अक्काला घेऊन आजच या, असं सांगितलं. दाजी म्हणाले, "निघतो." कंधारहून नांदेड तासा-सव्वा तासाचा रस्ता. सहा वाजले, सात वाजले. आईनं दोनदा विचारलं, "गाडीचा आवाज आला का?" मी पुन्हा फोन लावला. दाजी म्हणाले, "आज जमत न्हाई. भाडं हाय. उद्या सकाळी येतो." आई साडेआठला गेली. सकाळी अक्का आली तेव्हा तिरडी बांधून झाली होती. अक्का आत आईच्या पायावर पडून रडत होती आणि दाजी बाहेर कुणाशी तरी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत उभे होते. त्या सकाळपासून मी या माणसाचं वाईट व्हायची वाट बघत होतो.

तीनेक महिन्यांनी ते दुकानात आले. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, तोवर त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती.

"तुझ्याकडं चांगला बल्ब हाय का? लाइट लई कमी पडून राहिली."

मी गाडी बघितली. साधे पिवळे बल्ब होते, नीट जळत होते. काच पुसून दिली, उजेडाची दिशा थोडी खाली होती ती वर घेतली. म्हणालो, "दाजी, यात काही बिघाड नाही. पिवळाच राहू द्या. धुळीत, धुक्यात पिवळा उजेड रस्त्यावर पडतो. पांढरा नुसता बघायला भारी. ओल्या डांबरावर तो कुठं जातो ते कळत नाही."

"मला शिकवू नको. पांढरा लाव."

लावला. एवढं मी खरं बोललो होतो. त्यानंतर कधी बोललो नाही.

पुढच्या वेळी आले ते पांढऱ्यालाही नावं ठेवत. "उजेड बाजूला पसरत न्हाई. नळीतून बघितल्यावाणी होतं." मी त्यांना जास्त वॅटचे बल्ब दिले. तेवढ्या वॅटनं होल्डर वितळतो, म्हणून वेगळी वायरिंगही करून दिली. ती वायरिंग मी फार मन लावून केली होती. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले, "समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. कसले दिवे लावतेत लोक आजकाल!"

त्या दिवशी मला कळलं. तेव्हा काही लक्षात आलं नाही, असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. धर्माबादचा एक टँकर चालवणारा माझं जुनं गिऱ्हाईक होता. त्यानं हीच दोन्ही वाक्यं माझ्या दुकानात बसून सांगितली होती, नळी आणि रंगीत कडं. त्याला काचबिंदू निघाला होता. डोळ्यात दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर बाजूंनी मिटत येते. त्याला वेळेत कळलं म्हणून नजर वाचली, पण गाडी चालवणं सुटलं.

मी खात्री करून घेतली. दाजी समोरच्या भिंतीकडं बघत उभे होते. काढलेला जुना बल्ब मी त्यांच्या डाव्या कानाजवळ धरला आणि म्हणालो, "हा घ्या जुना." ते भिंतीकडेच बघत राहिले. "कुठाय?" मी हात हळूहळू पुढे आणला. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा त्यांनी तो घेतला. मग दुसरा बल्ब मी उजव्या बाजूनं धरला. तिकडंही तेच.

तेव्हाच एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी म्हणालो, "निळसर टाकू का? त्याचा उजेड लांब जातो."

त्यांनी मान डोलावली. ते मला विचारायला लागले होते, याचं मला सुख होतं. कुठला रंग घेऊ, किती पॉवरचा घेऊ, हा महागाचा बरा का तो. ज्या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नाही, तो माझ्या काउंटरसमोर उभा राहून माझ्या तोंडाकडं बघायचा. निळसर बल्ब त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट होता, हे मला दुकानदार म्हणून ठाऊक होतं. त्या गाडीत सात-आठ माणसं बसायची. पुढच्या सीटवर हल्ली अक्काही असायची. मला वाटायचं, हा माणूस तिला घरी एकटी राहू देत नाही, संशयी असेल. त्याचाही राग मी मनात धरला.

निळसर झाले, मग एलईडी झाले. एलईडी लावूनही महिन्याभरात ते परत आले. दिवस मावळत होता. दुकानासमोर माझ्या ओळखीचे तीन ड्रायव्हर चहा पीत बसले होते. दाजी गाडीतून उतरता उतरताच ओरडले, "बल्बवाल्या, डुप्लिकेट माल देतो का रे घरच्या माणसाला?" ड्रायव्हर हसले.

मी ठरवलं ते तिथंच. दाजींसमोर नवी पेटी फोडली, नवे बल्ब त्यांना दाखवले. बॉनेट उघडलं, आत वाकलो, नवे बल्ब खिशात टाकले आणि गाडीतले होते तेच काढून परत बसवले. ड्रायव्हरांना डोळा मारला. मग समोरच्या शटरवर उजेड पाडला.

"बघा दाजी. आतापर्यंतचा सगळ्यात पांढरा."

दाजी दोन पावलं मागे सरले. कमरेवर हात ठेवून नीट बघितलं. "हाव! आत्ता कसं! हे पयल्यांदाच का न्हाई दिलं? दिवसावाणी दिसून राहिलं."

एका ड्रायव्हरच्या नाकातून चहा आला. मी खिशातले बल्ब काढून आधी त्यांच्या नाकासमोर नेले, मग तळहातावर ठेवले. "दाजी, नवे हे. गाडीत जुनेच आहेत."

असा कुणीही फसला असता. नवीन म्हणून दाखवलं की माणसाला नवीन दिसतं. पण आमचं ते हसणं नुसत्या गमतीचं नव्हतं. बारा वर्षांचं हसणं होतं ते, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.  हातातले बल्ब काउंटरवर ठेवायला दाजींनी हात पुढे केला आणि ते काउंटरच्या कडेच्या अलीकडेच सोडले. दोन्ही बल्ब फरशीवर फुटले. त्यावरही हसलो आम्ही.

अक्का गाडीतच बसलेली होती. तिच्या बाजूची काच खाली होती. तिनं सगळं बघितलं होतं.

दाजी गाडीत बसले, घाईनं गाडी वळवली आणि डाव्या बाजूला उभ्या असलेल्या पेरूच्या गाड्याला धडकले. गाडा अंगावर येईल एवढा मोठा होता, पण त्यांनी ब्रेकसुद्धा मारला नाही. पेरूवाली बाई बाजूला झाली म्हणून वाचली. पेरू रस्ताभर गेले. मी दुकानाच्या पायरीवरून ओरडलो, "दाजी, अजून पांढरा पाहिजे का?"

अक्का उतरली. पेरूवालीची माफी मागितली, खाली बसून पेरू गोळा करू लागली. कुणी हात लावायला गेलं नाही. सगळे पेरू गाड्यावर ठेवून ती सरळ माझ्याकडं आली. आवाज चढवला नाही.

"त्यायला दिसत न्हाई. तुला ठावं होतं."

मी म्हणालो, "मला काय ठाऊक असणार?"

"मी बघितलं. बल्ब हातावर ठेवताना तू ते त्यांच्या नाकासमोर नेले. आंधळ्याला देतेत तसे."

मग तिनं सगळं सांगितलं. दीड वर्ष ती रोज पुढच्या सीटवर बसत होती ती दाजींचे डोळे म्हणून. डावीकडं बैलगाडी, उजवीकडून मोटरसायकल, पुढं खड्डा, असं हळू आवाजात, मागच्या माणसांना कळू न देता सांगत होती. दाजी तिच्याशीही कबूल होत नव्हते. बल्बच खराब, एवढंच म्हणायचे. डॉक्टरचं नाव काढलं की ताट भिरकावायचे.

"आणि आई गेली त्या दिवशी भाडं नव्हतं," ती म्हणाली. "आमी निघालतो, पण निघेस्तोवर सांज झाली. लोहा गावाच्या अलीकडं अंधार पडला आन् गाडी रस्त्याखाली गेली. कशीबशी वर काढली, परत फिरलो. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. भाडं हाय म्हणून सांगितलं तुला. दिसत न्हाई म्हणायची लाज वाटली."

"मग तू का नाही सांगितलंस मला?"

"सांगायला आणत होते ना त्यायला तुझ्याकडं. दर बारीला मीच म्हणायचे, नांदेडलाच जाऊ, तिथं बघू. वाटायचं, तुझं कामच हाय ते, तू वळखशील. तू बोलला तर ऐकतील."

गाडी कंधारपर्यंत मी चालवत नेली. 

चौथ्या दिवशी मी त्या दोघांना लातूरला एका डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. दाजी निमूट आले. त्यांचा शर्ट चुरगळलेला होता. तपासण्यांत सकाळ गेली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

दाजी म्हणाले, "दोनेक महिने झाले असतील."

मी भिंतीला टेकून उभा होतो. पिवळे काढले तेव्हापासून मला एकेक तारीख पाठ होती. कडं दिसतं म्हणाले ते कधी, हात नाकापर्यंत आणावा लागला तो कुठला दिवस, सगळं. अक्का माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "दोन महिन्यांचं नुकसान नाही हे. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती थेंबांनी टिकवता येईल. वर्षभर आधी आला असता तर बरीच राहिली असती. दिव्याभोवती कडं दिसायचं का? कुणाजवळ बोलला नाहीत?"

"बल्बाचा दोष वाटला हो," दाजी म्हणाले.

गाडी विकली. घेणारा गाडी नेऊ लागला तेव्हा त्याला हेडलाइट फार आवडले, कुणाकडून बसवले म्हणून विचारत होता. दाजींनी माझं नाव सांगितलं. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं ते तिथं. अक्का आता शाळेच्या पोषण आहारावर स्वयंपाक करते, त्यावर घर चालतं. दाजी सकाळी काठी घेऊन स्टँडजवळच्या हॉटेलात बसतात. समोरचं ताटलीएवढं दिसतं, बाकी नाही.

मी महिन्यातून एकदा थेंब घेऊन जातो. मला येऊ नको म्हणून अक्का कधीच म्हणाली नाही. उलट फोन करून बोलावते. मागच्या खेपेला गेलो तर घरात शेजारची चार माणसं बसलेली. दाजींनी माझा हात चाचपून धरला आणि त्यांना सांगू लागले, "ह्या माझ्या मेव्हण्यामुळं उरलंसुरलं राहिलं. यानंच दवाखान्यात नेलं. लई जीव हाय याचा माझ्यावर."

माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी अक्काकडं बघितलं. 'याला ठावं होतं', एवढं एक वाक्य बोलून तिनं मला मोकळं करावं, असं वाटत होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"अजून सांगा की," ती नवऱ्याला म्हणाली. "बल्ब कसे निवडून द्यायचा ते बी सांगा त्यायला."

आणि दाजी सांगू लागले. पिवळ्यापासून सुरू केलं. अक्कानं माझ्या हातात कपबशी दिली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली, सगळं सांगून होईपर्यंत.