नववी सोडून सगळे पेपर

दोन हजार आठची दिवाळी झाली आणि रांजणगावच्या कारखान्यांतून येणारं काम थांबलं. तोवर माझं बरं चाललं होतं. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझा डीटीपीचा गाळा होता. त्यात एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि दोन खुर्च्या. कंपन्यांची पॅकिंगची लेबलं, चलनं, कॅन्टीनची कुपनं, नोटिसा असली कामं मी करायची. मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि रांजणगावातल्या शिफ्टा कमी झाल्या. आमच्या ह्यांना न्यायला येणारी कंपनीची बस आठवड्यातून तीनच दिवस यायला लागली. माल बाहेर पडत नसेल तर त्यावर लेबल कशाला लागतंय? लग्नपत्रिका होत्या, पण त्या हंगामी, आणि हौशी लोक त्याही पुण्याहून छापून आणायला लागले होते.

गाळा माझ्या धाकट्या दिराचा. तो भाडं घेत नव्हता, पण बोलायचा हक्क मात्र पुरेपूर वापरायचा. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, रागावू नका, पण तुमचं मशीन आता शोभेला हाय. पाडव्याला मी हितं मोबाईल रिपेरिंग टाकतोय. रिचार्जला लाईन लागती बघा, लाईन."

"आणि माझं मशीन?"

"घरी न्या की. क्रोशाचं कव्हर घाला, टीव्हीवाणी."

मला हसू आलं नाही. घरी नेलेल्या मशीनचं काय होतं ते मी इतर बायकांच्या घरी पाहिलं होतं. घरी गिऱ्हाईक येत नाही, पाहुणे येतात. म्हणजे पाडव्याच्या आत मला बारमाही काम शोधायचं होतं, नाहीतर लग्नानंतर एवढ्या वर्षांत उभा केलेला धंदा गुंडाळायचा होता.

रडत बसणं मला जमत नाही. कामाच्या नमुन्यांची एक फाईल केली आणि रांजणगावची गेटं फिरायला सुरुवात केली. एका गेटवर बिहारचा वॉचमन होता. त्यानं फाईल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, अंदरवालों के पास काम नहीं है, आप बाहर से माँगने आयी हो." माणूस खरं बोलला. मी परत फिरले.

येताना बसमध्ये विचार केला, मंदीतही थांबत नाही असं काय आहे? तर परीक्षा. बापाची शिफ्ट गेली म्हणून पोराचा गणिताचा पेपर टळत नाही. शाळांमध्ये त्या सुमाराला झेरॉक्स काढायची मशीनं आली होती. हातानं लिहिलेले पेपर मागे पडत होते, टाईप केलेली एक स्वच्छ मूळ प्रत सगळ्यांना हवी होती.

आधी माझ्या मुलीच्याच शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुमचं काम चोख आहे. पण तुमची मुलगी आमच्याकडे आठवीत. उद्या तिला स्वतःच्या हिमतीवर मार्क पडले तरी लोक तोंड वाकडं करतील."

शाळेच्या फाटकापर्यंत मला राग होता. फाटकाबाहेर आल्यावर पटलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. आणि त्यातूनच पुढचं सुचलं. शिरूरचा पेपर शिरूरच्या माणसाला देता येत नसेल, तर दौंडचा पेपर दौंडच्या माणसाला तरी कसा देता येईल? तिथंही कुणीतरी याच अडचणीत बसलं असणार.

दुसऱ्या दिवशी न्हावरा, चौफुला करत एसटीनं दौंडला गेले. स्टेशनापासून चालत जाण्यासारख्या एका मोठ्या शाळेत शिरले. पर्यवेक्षिका मॅडम मुसलमान होत्या. वडील, भाऊ, नवरा सगळे रेल्वेत. त्यांचं बोलणंही गार्डच्या शिट्टीसारखं थोडक्यात.

"शिरूरहून आलात? दौंडातले डीटीपीवाले कुठं गेले?"

"इथंच आहेत. पण त्या सगळ्यांची मुलं तुमच्या शाळेत आहेत ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "बसा," म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं, की सहामाहीच्या वेळी इतिहासाच्या पेपरचं एक पान भेळेखाली निघालं होतं. टाईप करणाऱ्यानं पेपर फोडला नव्हता. त्यानं फक्त नासलेले कागद नेहमीच्या रद्दीत टाकले आणि रद्दी नेहमीच्या भेळवाल्यानं नेली. सगळा पेपर पुन्हा काढावा लागला.

मी म्हणाले, "माझ्याकडून चांगली प्रत येईल तशीच नासलेलीही येईल. एकही कागद माझ्याकडे राहणार नाही. जाळायचे, फाडायचे, ते तुम्ही करा."

त्यांनी एका चाचणीचे पेपर दिले. भूमितीच्या सरांनी वर्तुळं बांगडी ठेवून काढली असावीत, आणि विज्ञानाच्या बाईंचं अक्षर मुंग्यांसारखं होतं. मी शटर अर्धं ओढून काम केलं आणि चार दिवसांनी दोन पाकिटं घेऊन गेले. मॅडमनी आधी नासलेल्या कागदांचं पाकीट उघडलं, मग चांगलं. त्यावरूनच मला कळलं, की बाई माझ्याच जातकुळीतली आहे. वार्षिक परीक्षेचे पाचवी ते नववीचे सगळे पेपर त्यांनी मला द्यायचं ठरवलं.

पेपर हातात आले आणि त्याच आठवड्यात माझी नणंद दारात. ती दौंडजवळच्या एका खेड्यात दिलेली. गावातली शाळा आठवीपर्यंत, म्हणून मुलाला जूनमध्ये दौंडला घातलंय एवढं मी ऐकलं होतं. शाळा कोणती, ते विचारायचं कधी कारण पडलं नव्हतं.

"वहिनी, आमच्या पोराचे पेपर म्हणं तुमच्याकडं हायती!"

"कोण म्हणालं?"

"तुम्हाला शाळेतनं निघताना पाह्यलं की त्यानं, पाकिटं घेऊन. मी काय पेपर मागत न्हाई. नुसतं कुठले धडे वाचायचे तेवढं सांगा. मामीनं एवढं बी करू न्हाई व्हय?"

"सगळे वाचायला सांगा."

"सगळे वाचायचे तर मामी कशाला पायजे!"

चहा न पिता गेली. जाताना भावाच्या, म्हणजे माझ्या दिराच्या घरी डोकावून गेली, हे संध्याकाळी कळलं. गाळा कुणाचा, ते तिलाही ठाऊक होतं.

माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. गप्प बसून सगळे पेपर करायचे, किंवा मॅडमना सांगायचं आणि कदाचित सगळंच काम घालवायचं. मी सकाळची एसटी धरली. नववीचे कागद न उघडता मॅडमच्या टेबलावर ठेवले.

"माझ्या नणंदेचा मुलगा तुमच्याकडे नववीत आहे. मला कालच कळलं. नववी मला देऊ नका. बाकीचंही काढून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, मला राग येणार नाही."

मॅडमनी विचारलं, "न सांगता केलं असतंत तर मला कळलं असतं का?"

"कळलं असतं की. माझी नणंद गप्प बसणाऱ्यातली नाही."

तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. नववीचे कागद त्यांनी कपाटात टाकले आणि बाकीचे माझ्याकडेच राहू दिले. मग फोन उचलून दुसऱ्या एका शाळेत बोलल्या: "शिरूरच्या एक बाई आहेत. नात्यातलं पोर निघालं तर पेपर परत आणून देतात. तुम्हाला हव्यात का?" त्या शाळेनं आणखी एका शाळेला सांगितलं, आणि पाडव्याच्या आत माझ्याकडे तीन शाळांचं काम होतं. त्या वर्षी शिरूरमधल्या दोन डीटीपीवाल्यांनी दुकानं बंद केली. मी केलं नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवतही नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी दीर आला. शटर अर्धं खाली होतं. तो वाकून आत शिरायला लागला तसं मी स्क्रीन बंद करून पुढं झाले.

"भावजी, आत येऊ नका. पेपर चालू आहेत."

"अवो, माझा गाळा हाय!"

"गाळा तुमचा. पेपर शाळेचे. तुमच्या ताईंचा काही निरोप असेल तर सांगा, पण बाहेरून."

तो उन्हात उभा राहिला, मग शेजारच्या रसवंतीत जाऊन बसला. तासाभरानं मी बाहेर आले तेव्हा त्यानं माझ्यासाठीही एक ग्लास सांगून ठेवला होता.

"दौंडची माणसं हितवर यायला लागली म्हंजी जोरात हाय की," तो म्हणाला. दुसऱ्या शाळेचा शिपाई सकाळी येऊन गेलेला त्यानं पाहिला होता. "किती दिस चालायचं हे?"

"परीक्षा दर वर्षी असतात, भावजी."

तो ग्लासातला बर्फ हलवत बसला. "मार्केट यार्डाकडं एक गाळा रिकामा हाय. मोबाईलला तोच बरा पडंल."

"बघून घ्या," मी म्हणाले. रस संपवला, आत गेले आणि शटर पुन्हा ओढून घेतलं. सातवीचा भूगोल राहिला होता.