अर्जदार रागावलेला आहे

सरकारशी भांडणारी माणसं त्या दिवसांत नाशकात पैशाला पासरी होती, पण रीतसर, वर्षानुवर्षं, न थकता भांडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या मागच्या आळीतले भिश्तीचाचा. बाकीच्यांचं भांडण सरकारनं चालतं व्हावं म्हणून होतं. ते तुरुंगात जात, बाहेर येत, हार घालून घेत आणि पुन्हा आत जात. चाचांचं म्हणणं असं की सरकारला जायचं असेल तर त्यानं खुशाल जावं, पण जाण्यापूर्वी आपली एक चूक दुरुस्त करून जावं. ही चूक एका शब्दाची होती. पहिल्या जर्मन लढाईच्या वेळी चाचा तीन वर्षं इराकात, बसऱ्याकडे होते. पाठीवर कातड्याची मशक घेऊन पलटणीला पाणी पाजायचं हे त्यांचं काम. परतताना त्यांना जो कागद मिळाला त्यावर 'शिपाई' लिहिलेलं नव्हतं, 'फॉलोअर' लिहिलेलं होतं.

आता मोठी गंमत अशी की पहिली बारा वर्षं त्यांना या शब्दाचा राग नव्हता, उलट भलताच अभिमान होता. हवालदार, जमादार, सुभेदार, तसाच फॉलोअर हाही एक हुद्दा असणार, आणि इंग्रजी आहे त्या अर्थी वरचाच असणार, अशी त्यांची ठाम समजूत. दारावर त्यांनी रंगाऱ्याकडून 'फॉलोअर, बसरा' अशी पाटी रंगवून घेतली होती. लग्नाकार्यात कुणी नुसतं 'भिश्ती' म्हटलं तर ते शांतपणे दुरुस्ती करत, 'फॉलोअर म्हना.' आळीतली माणसंही म्हणत. एकदा पोलिसाशी त्यांची बाचाबाची झाली तेव्हा 'मी फॉलोअर हाय, जपून बोल' असं त्यांनी बजावलं आणि पोलीसही बिचारा जपून बोलला. सगळं सुरळीत चाललं होतं. ते बिघडवण्याचं पाप माझं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होतो, इंग्रजी शिकवत होतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देण्याची मला खोड होती. एक दिवस कौतुकानं त्यांनी मला तो कागद दाखवला आणि या हुद्द्याला मराठीत काय म्हणतात ते विचारलं. मी म्हणालो, "मागून येणारा."

चाचांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग त्याची घडी घालत म्हणाले, "मागून? मास्तर, शिपाई खंदकात बसतो. त्याच्यापुढं मातीची भित असते. भिश्ती पानी घेऊन उभ्यानं चालतो. मागून कोन आलं?" त्याच संध्याकाळी त्यांनी दारावरची पाटी चाकूनं खरवडून काढली. लढाईचा बिल्ला खिळ्याला टांगलेला होता, तोही त्यांनी निरखून पाहिला. शिपायांचे बिल्ले चांदीचे असतात आणि आपला ब्राँझचा आहे, हेही त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तो बिल्ला बादशहाचं तोंड भिंतीकडे करून टांगलेला असे. कुणी सुलटा केला तर चाचा उठून पुन्हा उलटा करत.

एकदा डोक्यात शिरल्यावर त्यांना सगळं जगच शिपाई आणि फॉलोअर अशा दोन जातींत विभागलेलं दिसू लागलं. वरात निघाली की म्हणत, घोडा शिपाई, नवरदेव फॉलोअर. शाळेत हेडमास्तर फॉलोअर आणि मी शिपाई, हे ऐकून मला बरं वाटलं होतं, पण स्वतःच्या घरात चाची शिपाई आणि आपण फॉलोअर हेही ते तितक्याच गंभीरपणे सांगत. लढाईनंतर ते म्युनिसिपालिटीत रस्त्यावर पाणी मारायच्या कामाला लागले होते. मशकीचं तोंड उजव्या मुठीत धरून ते पलटणीच्या चालीनं रस्ता कापत आणि त्यांच्या पाण्याची रेघ आखल्यासारखी सरळ पडे. साहेबाची मोटार आली की पूर्वी ते थांबून डाव्या हातानं सलाम ठोकत. आता सलाम बंद झाला. सलाम हा शिपायाचा हक्क आहे, मागून येणाऱ्याकडून तो कुणी मागू नये, असं ते म्हणत. एकदा एका इन्स्पेक्टरानं मागितला. चाचांनी मूठ तेवढी जरा सैल सोडली आणि साहेबांचे बूट धुऊन निघाले.

अर्ज लिहायला ते अर्थात माझ्याकडेच येत. केलेल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून मी ते लिहीत असे. ओट्याच्या पायरीवर बसून चाचा सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. प्रत्येक अर्जाची सुरुवात ते एकाच वाक्यानं करत, 'अर्जदार रागावलेला आहे.' आता सरकारकडे असा अर्ज जात नाही. मी आपला लिहीत असे, अर्जदार नम्रपणे विनंती करतो की. चार अर्ज असे गेले. पाचवा त्यांनी मला न सांगता एका वकिलाच्या कारकुनाकडून वाचून घेतला आणि पुढचे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पायरीवर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर, मी नम्र कवा होतो?" त्यानंतरचे सगळे अर्ज मी त्यांच्याच शब्दांत लिहिले. उत्तरं आधीही आली नव्हती, नंतरही आली नाहीत, पण चाचांना समाधान होतं की निदान खरं तेच जातं आहे.

खादीवाली तरुण मंडळी त्यांची थट्टा करत. म्हणत, गोऱ्यांच्या चाकरीची शाबासकी कशाला मागता? मीही खादी घालणाऱ्यांतलाच, मलाही आतून तसंच वाटे. चाचा म्हणत, गोऱ्यानं पाठवलं खरं, पण तिथं पाणी मागत होते ते सातारचे, नगरचे, आपल्या निफाडचे. चाचींना मात्र या वादाशी काही कर्तव्य नव्हतं. चाचा पंचावन्नच्या पुढं गेले होते, पाठ वाकली होती, रात्री ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कण्हत वळत. भरलेली मशक आता त्यांच्याच्यानं दोन वर्षंसुद्धा उचलली जाणार नव्हती आणि हे घरात सगळ्यांना दिसत होतं. "शब्द चाटून पोट भरत नाय," चाची म्हणत, "बसून करायची नोकरी बघा."

पस्तीस साली ती नोकरी एकाएकी हाताशी आली. बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ ठरला. त्यात लढाईवर गेलेल्यांची यादी मैदानावर वाचून दाखवायची होती. यादीतल्या माणसाला बसायला खुर्ची मिळणार होती, त्याच्या मुलांना फी माफ होणार होती, आणि जकात नाक्यावर चौकीदाराच्या ज्या जागा निघणार होत्या त्या आधी या यादीतल्यांना मिळणार होत्या. चौकीदार म्हणजे स्टूल, छत्री आणि पाठीवर काही नाही. फॉलोअर यादीत बसत नव्हते. पण एक वाट ठेवली होती. गोळीबारात काम करताना आपण याला पाहिलं, असं एखाद्या हुद्देदारानं कमिटीपुढे समक्ष सांगितलं तर फॉलोअरचंही नाव घालता येणार होतं.

साक्षीदार आहे का, म्हणून मी विचारलं. चाचा हसले. म्हणाले, आहे, जिवंत आहे, नाशकातच आहे, आणि त्याला बोलवायला जावं लागणार नाही, तो तिथं असेलच. नाव मात्र सांगेनात. अर्जात मी लिहिलं, साक्षीदार समक्ष हजर करीन.

ऐन वैशाखात कचेरीत बोलावणं आलं. मी सोबत गेलो. दारातच कारकुनानं फॉर्म भरून घेतला. त्यात 'जखम' असा एक रकाना होता. चाचा म्हणाले, मशकीला. गोळी मशकीच्या आरपार गेली होती आणि दोन्ही भोकांत बोटं घालून त्यांनी ती पुढं नेली होती. कारकून हसून म्हणाला, मग अर्ज मशकीनं करायला हवा होता. शेजारचे दोघे-तिघे हसले. मला त्या कारकुनाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. घरबसल्या शाई सांडणाऱ्या माणसानं कोण लढाईवर गेला आणि कोण नाही हे ठरवायचं, याइतका किळसवाणा प्रकार मी पाहिलेला नव्हता. चाचा मात्र शांत होते. डोळा साक्षीदारावर होता ना.

आत टेबलामागे तिघे बसले होते. मधे एक गोरा साहेब, डावीकडे मामलेदार, आणि उजवीकडे पंचवटीतले निवृत्त सुभेदार. सुभेदारांना गावात कोण ओळखत नव्हतं! समुद्राचं काळं पाणी ओलांडल्याबद्दल परतल्यावर त्यांनी रामकुंडावर प्रायश्चित्त घेतलं होतं, आणि तेव्हापासून थंडी असो की पूर, पहाटेचं स्नान कधी चुकवलं नव्हतं. बसऱ्याला तीन वर्षं आपण स्वतःच्या हातानं भरलेल्या लोट्याशिवाय पाणी घेतलं नाही, हे ते दर चातुर्मासात सांगत, आणि पुराणिकबुवा त्यांचा दाखला कथेत देत.

साहेबानं विचारलं, साक्षीदार कोण? चाचा ताठ उभे राहिले. पाठ वाकलेली असूनही ते कसे उभे राहिले कोण जाणे. त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बोट दाखवलं नाही की काही नाही. सुभेदारांनी एक कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि वाचू लागले. पंखा ओढणाऱ्याची दोरी करकरत होती. साहेबानं पुन्हा विचारलं. सुभेदारांनी मान वर केली नाही.

"साक्षीदार होता, साहेब," चाचा म्हणाले. "वारला."

अर्ज निकालात निघाला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी चाचांना हलवून हलवून विचारलं तेव्हा सगळं कळलं. दोन दिवस गोळीबार चालला होता. सुभेदार तेव्हा हवालदार. त्यांच्या पलटणीचा हिंदू पाणक्या आदल्या दिवशीच पडला होता. मांडीत गोळी घेऊन हवालदार उन्हात पडले होते आणि चाचा सरपटत त्यांच्यापर्यंत गेले. लोटा नव्हता, ओंजळ धरायची ताकद नव्हती. हवालदारांनी दोन्ही हातांनी मशक धरली आणि तिला तोंड लावलं. दोन भोकं पडली ती त्याच वेळी.

मी तिथूनच मागं फिरलो. आत्ताच्या आत्ता परत जातो, म्हणालो, उद्या पहाटे रामकुंडावर उभा राहून सगळ्या गावाला ओरडून सांगतो. तुम्ही तिथंच का नाही बोललात? एका वाक्याचं काम होतं. ज्यानं सरकारपुढं नम्र व्हायचं नाकारलं त्याची दातखीळ एका म्हाताऱ्यापुढं का बसावी?

"त्यांनी सांगितलं असतं तर ते त्यांचं होतं," चाचा म्हणाले. "मी सांगितलं तर पाजलेलं पानी परत मागितल्यासारखं झालं. मास्तर, पानी पाजणारानं कुनाला पाजलं ते सांगायचं नसतं. मग कोन पिईल?" आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "तुम्हीपण नाय सांगायचं."

मी सांगितलं नाही. समारंभ झाला, यादी वाचली गेली, सुभेदार पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसले. धूळ उडू नये म्हणून पहाटे मैदानावर पाणी मारायला म्युनिसिपालिटीनं चाचांनाच पाठवलं होतं. नाक्यावरच्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं. चाचांनी आणखी तीन वर्षं मशक उचलली आणि एक दिवस भरलेल्या मशकीसकट ते हौदाशी बसले ते उठले नाहीत. त्यानंतर वर्षभरात सुभेदारही गेले. आता कुणाला धक्का लागायचा राहिलेला नाही, म्हणून हे लिहिलं.

सुभेदारांवर मी पुष्कळ वर्षं रागावलेला होतो. हा राग मला आवडे. रामकुंडावरून जाताना तो काढून चोळून घेतला की मला स्वतःविषयी फार बरं वाटे. पण त्या दुपारी कचेरीतून आम्ही चाचांच्या दारापर्यंत चालत आलो होतो. मी त्यांचे इतके अर्ज लिहिले, पण ते नेहमी माझ्या पायरीवर बसले. त्यांच्या दारात मी त्या दिवशी पहिल्यांदाच उभा होतो. चाचा आत गेले, कलईच्या कटोऱ्यात मडक्यातलं पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "बसा मास्तर, पानी घ्या." माझ्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती. "नको चाचा," मी म्हणालो, "तहान नाही."

त्यांनी कटोरा मागं घेतला. आतून चाचींनी विचारलं, मास्तरांनी पाणी नाही घेतलं का?

"त्यांना शाळा हाय," चाचा म्हणाले. वैशाख चालू होता, शाळेला सुट्टी होती, आणि ते त्या दोघांनाही माहीत होतं.