क्लच नसलेली गाडी आणि माझा डावा पाय

मला गाडी चालवता येते, हे अंबाडीजवळचं एक गाव सोडलं तर सगळीकडे मान्य आहे.

तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, मी भिवंडीत इस्माईल शेठच्या लूमच्या कारखान्यावर ड्रायव्हर होतो. सुताच्या गोण्या आणायच्या, कापड मुंबईला पोचवायचं. ट्रक जुना. त्याचा क्लच दाबायला मांडीत बैलाची ताकद लागायची आणि गिअर पडला की शेजारच्या माणसाला वाटायचं, खालून काहीतरी तुटून रस्त्यावर राहिलं. पण मी तो ट्रक असा चालवायचो की मागे झोपलेला हमाल मुंबई आल्यावरच उठायचा. टपरीवर बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, "बाळारामचा डावा पाय म्हणजे सोना हाय सोना." (अशा बोलण्याने माणूस बिघडतो. मी पुरता बिघडलो होतो.)

तर त्या सुमारास मामाने एक स्थळ आणलं. मुलगी अंबाडीच्या अलीकडच्या गावातली, घरची शेती, वडील हरी पाटील म्हणजे गावातले वजनदार. आमचं घर दापोड्याला, साधं, शेतकऱ्याचं. त्यामुळे आईला एकच घोर लागला होता, जायचं कशातून? मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, "शेठ, शुक्रवारी सुट्टीच आहे, ट्रक मिळेल का? मुलगी बघायला जायचंय."

शेठने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ट्रक? पोरगी बघायची हाय का उचलून आणायची हाय?"

मग त्यांनीच मला मागच्या अंगणात नेलं. तिथे त्यांच्या मेव्हण्याने कुवेतहून आणलेली गाडी उभी होती. अमेरिकन, आकाशी रंगाची, आणि लांब तर इतकी की गल्लीच्या वळणावर तिचं तोंड दिसल्यापासून शेपूट दिसेपर्यंत एक चहा पिऊन व्हावा. स्टिअरिंग डाव्या बाजूला. पुढे एकच लांबलचक सीट, सोफ्यासारखी. मी आत डोकावलो. खाली दोनच पेडल.

"शेठ, क्लच कुठाय?"

"न्हाय. ह्याला क्लच न्हाय. गाडी अपने आप गिअर बदलते."

"आणि मी काय करायचं?"

"तू बसायचं."

शेठला स्वतःला गाडी येत नव्हती आणि मेव्हणा सुरतेला गेलेला. शेठ बघून बघून जेवढं शिकले होते तेवढं त्यांनी मला शिकवलं. स्टिअरिंगला चिकटलेली एक दांडी होती आणि तिच्यासमोर चार-पाच इंग्रजी अक्षरं. "ही दांडी डीवर आण और भूल जा. बाकी अक्षरांशी आपला काय वास्ता? पण मगरिबच्या आधी, दिवस बुडायच्या आत गाडी इथे पायजे. मला बायकापोरांना घेऊन कल्याणला जायचंय, दुसरा ड्रायव्हर येणार हाय." शुक्रवारी दुपारची नमाज उरकून आल्यावर त्यांनी स्वतः चावी फिरवून गाडी सुरू करून दिली आणि मी डीवर आणून सगळं विसरलो. हेच पुढे नडलं.

दापोड्याला घरासमोर गाडी लागली. आई आणि बाबा मागे बसले, मामा पुढे माझ्या उजवीकडे, मांडीवर नारळ आणि साडी-कुंकवाचं ताट घेऊन. मी ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी आपली आपणच पुढे निघाली.

"अरे, कोण ढकलतंय?" आई मागे वळून बघायला लागली.

"कोण न्हाय आई, ती स्वतःच जाते."

"मंग तू कशाला बसलायस?"

हा प्रश्न मला दिवसभर छळणार होता.

खरी गंमत शेलार गावाच्या पुढे सुरू झाली. समोर म्हशी आल्या. मी सवयीने गिअर उतरवायला म्हणून डाव्या पायाने क्लच दाबला. पण तिथे क्लच नव्हता, ब्रेकचं ताटाएवढं रुंद पेडल होतं, आणि माझा सोन्याचा पाय ट्रकच्या ताकदीने त्यावर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. आम्ही थांबलो नाही. मामाचं कपाळ पुढच्या काचेला, बाबांचं नाक माझ्या मानेत, नारळ मामाच्या पायाखाली.

"म्हशी लांब होत्या रे," बाबा शांतपणे म्हणाले.

"चुकून झालं."

अर्ध्या मैलावर पुन्हा चुकून झालं. अनगावच्या बाजारात तिसऱ्यांदा झालं, तेव्हा ताटातलं कुंकू उडून मामाच्या अंगावर पडलं आणि रस्त्यावरचे लोक अपघात झाला म्हणून धावत आले. मामा कुंकवाने लालभडक. एक म्हातारा म्हणाला, "यांना खाली झोपवा, हलवू नका." मामा ओरडत होता, "मला काय झालं न्हाय," आणि लोक म्हणत होते, "डोक्याला मार लागलाय, असंच बोलतात."

कसेबसे सुटलो. बाबा म्हणाले, "याला उतरवा आणि एसटीनं जाऊ." मामा म्हणाला, "मी मागं बसतो." तेव्हा आईने तोडगा काढला. आई कधी सायकलवरसुद्धा बसली नव्हती, पण तिने मुळावरच घाव घातला.

"हा डावा पाय वाया गेलेला हाय. तो वर घे. जेवायला बसतोस तसा मांडी घाल त्याची आणि एकाच पायानं चालव."

मी डावा पाय उचलून सीटवर दुमडून घेतला आणि त्यावर बसलो. काय सांगू, गाडी पाण्यावरून होडी जावी तशी जायला लागली. मामा कपाळ पुसत म्हणाला, "आता वाटतो ड्रायव्हर." मीही खुशीत आलो. तासभर तसाच बसून, मधल्या खड्ड्यांसकट, थेट हरी पाटलांच्या अंगणात गाडी नेऊन उभी केली, चावी बंद केली आणि ऐटीत दार उघडलं.

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. एवढी गाडी त्या गावात कधी आलीच नव्हती. हरी पाटील स्वतः पुढे आले. मी डावा पाय बाहेर टाकला आणि त्यावर भार दिला.

पाय नव्हताच. म्हणजे होता, दिसत होता, पण माझा नव्हता. मुंग्या येण्याच्याही पलीकडे गेला होता. मी सरळ गुडघ्यावर, हरी पाटलांच्या पायांशी.

"अरे अरे, नमस्कार मागनं," पाटील गडबडले. "आधी हातपाय धुवा."

मी उठलो आणि पुन्हा पडलो. मग गाडीला धरून उभा राहिलो आणि पाय ओढत ओढत ओटीपर्यंत गेलो. अंगणातले सगळे माझ्या पायाकडे बघायला लागले. तेव्हा मामाने सांभाळून घ्यायचं ठरवलं.

"काळजी करू नका. पाय चांगला हाय त्याचा. अधनंमधनं असा होतो."

मी मामाकडे बघितलं. आईने डोळे मिटले.

ओटीवर सतरंजी घातली होती. मी घाबरून गेलो होतो आणि घाबरलेला माणूस नेहमीसारखा बसतो. मी मांडी घालून बसलो. पोहे आले, पाणी आलं. मुलगी आली, नाव शालन. तिने ताट ठेवलं आणि सगळ्या मुली बघतात तसं खाली बघितलं. पण ती जमिनीकडे बघत नव्हती. ती माझा डावा पाय बघत होती.

आतून बायकांचं कुजबुजणं ऐकू येत होतं. एक म्हातारा आवाज तर चांगला स्पष्ट होता. "पाय झाकायलाच एवढी मोठी गाडी आणली गो."

बाबांना ते ऐकू गेलं. बाबा घरात कमी बोलायचे, पण त्यांची मान ज्या तऱ्हेने खाली गेली, ते बघून मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलगी मला आवडली होती. ताट ठेवताना तिने मामाच्या कुंकवाच्या सदऱ्याकडे एकदा बघून हसू गिळलं होतं, आणि ते गिळलेलं हसू माझ्या डोक्यातून जाईना. आणि हे घर आता दोन मिनिटांत आम्हाला हात जोडणार होतं.

हरी पाटील उठले. "चला जावई— म्हणजे, चला, तुम्हाला जरा खळा दाखवतो." म्हणजे चालून दाखव. मी तत्परतेने उठलो आणि तेव्हा कळलं की मांडीखालचा पाय पुन्हा गेलाय. यावेळी त्यात मुंग्या होत्या, लाल मुंग्या. मी पाय टेकला की उडायचो. ओटीपासून खळ्यापर्यंत मी बगळा चिखलातून जातो तसा गेलो.  खळं बघायला गेलेला माणूस खळ्याकडे बघतो, हे पाटील माझ्याकडे बघत होते.

परत आल्यावर त्यांनी बाबांना हात जोडले. "कळवतो आम्ही." ज्यांना कळवायचं नसतं ते असंच म्हणतात.

ऊन उतरायला लागलं होतं. शेठचं कल्याण डोळ्यांपुढे नाचत होतं. मी गाडीत बसलो, चावी फिरवली. काही नाही. साधा आवाजसुद्धा नाही. पुन्हा फिरवली. गाडी मेलेली.

"बॅटरी गेली," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "धक्का मारा."

गाव मदतीला धावलं. दहा-बारा गडी मागे लागले. "सेकंडला टाक आणि क्लच सोड," एक जण ओरडला.

"क्लच नाही याला."

"मंग सोडणार काय?"

 गाडी वेशीपर्यंत ढकलत नेली तरी ती तशीच मुकी राहिली. म्हातारी माणसंही हात लावत होती, आणि मी राजासारखा आत बसलेलो. मला लाज वाटली. बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि मी मागे जाऊन खांदा लावला. बाबांनी आयुष्यात बैलच हाकले होते. ते आतून गाडीला "हीर्र, हीर्र" म्हणत होते. आम्ही वेशीपासून शाळेपर्यंत, शाळेपासून परत पाटलांच्या दारापर्यंत गाडी ढकलली. शेवटच्या चढाला सगळ्यांनी हात टेकले, तिथे मी एकटा दोन्ही पाय रोवून गाडी धरून उभा राहिलो, कोणीतरी चाकाखाली दगड घालेपर्यंत. घामाने शर्ट पाठीला चिकटला. पाय विसरलो होतो, मुलगीही विसरलो होतो, फक्त शेठ आठवत होते.

"आता मी उतरतो," बाबा वैतागून म्हणाले. सीट खोल होती. उठायला आधार हवा म्हणून त्यांनी हाताला लागली ती दांडी धरली आणि जोर दिला. खटकन आवाज झाला, काटा डीवरून शेजारच्या अक्षरावर गेला. मी खिडकीतून हात घालून सहज चावी फिरवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं.

ती गाडी डीवर असताना सुरूच होत नाही, हे शेठच्या मेव्हण्याने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं. त्या क्षणी मात्र बाबा कोट झटकत एवढंच म्हणाले, "जनावर असो की गाडी, माणूस ओळखतात."

आम्ही भिवंडीत पोचलो तेव्हा शेठ दारातच उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मामाच्या कपाळावरचं टेंगूळ आणि लाल सदरा बघितला आणि हळूच विचारलं, "पोरगीवाले फार गरम होते काय?"

 दोन-चार दिवस मी ट्रकचा क्लच दाबताना माझ्याच पायाला शिव्या घालत होतो. मग पाटलांचा निरोप आला, पसंती आहे, पुढचं बोलायला या. आईला वाटलं निरोप दुसऱ्या कोणासाठी आहे. तिने आणणाऱ्याला दोनदा विचारलं, "कुठला मुलगा म्हणाले?"

लग्न झालं, वर्ष गेलं, तेव्हा एकदा शालनला विचारलं की त्या दिवशी माझ्यात तिने एवढं बघितलं काय. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमचे बाबा नाहीच म्हणत होते. मी खिडकीतून तुम्हाला गाडी ढकलताना बघितला. आईला म्हटला, पाय दोन्ही धड हायेत, डोक्याचा मी बघून घेईन."

ती अजून बघतेच आहे.