आधी पाव्हन्याचं बोट

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत आमच्या वैशाखऱ्याच्या काकांइतका पाहुणचाराने पछाडलेला माणूस दुसरा झाला नाही, आणि होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. घर माळशेज घाटाच्या रस्त्याला लागून, त्यामुळे पाहुण्यांचा तुटवडा नाही. गाडी तापली म्हणून पाणी मागायला आलेला ड्रायव्हर भाकरी खाऊनच सुटायचा. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा शेजारच्या हळदीला बसवून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी तो वरातीत नाचताना दिसला. मावशी म्हणायची, "या मानसाला चोर जरी घावला ना, तरी आदी पानी देल, मंग इचारल, काय न्यायला आलास बाबा?" पाहुणा जेवल्याशिवाय स्वतः ताटावर बसायचं नाही, हा त्यांचा नियम. मधुमेह झाला, दिवसातून दोनदा इन्शुलिन टोचायची पाळी आली, तरी नियम तोच. घरात फ्रिज नव्हता, म्हणून औषधाची बाटली पिशवीत बांधून माठाच्या गारव्यात ठेवलेली असे. तीसुद्धा ते आल्यागेल्याला देवघरातल्या टाकासारखी बाहेर काढून दाखवत.

मी तेव्हा शहापुरात आरोग्यजागृतीचं काम करत होते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, सापगावपासून सुरुवात करून गावोगाव वाटायची आणि व्यवस्थेवर चिडायचं. चिडण्यात माझा हात कोणी धरत नसे. मोबाइल अजून आमच्या डोंगरात पोचायचे होते त्या दिवसांत मुंबईच्या एका बड्या इस्पितळाने घरबसल्या देखरेखीची योजना काढली. रुग्णाने दिवसातून चार वेळा बोट टोचून थेंब यंत्राच्या पट्टीवर द्यायचा. संध्याकाळी यंत्र एका डब्याला आणि डबा टेलिफोनला जोडून बटण दाबायचं, की आकडे तारेवरून थेट मुंबईच्या कॉम्प्युटरवर. ते बघून डॉक्टर इन्शुलिनचा डोस फोनवर सांगणार. अट एकच, घरी फोन हवा. म्हणजे वरच्या वाड्या-पाडे पहिल्याच फटक्यात बाद! या अन्यायावर मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, आणि मग काकांकडे फोन आहे हे आठवून त्यांचं नाव गुपचूप यादीत घातलं. यंत्र आलं त्या दिवशी त्यांच्या दारावर माझंच एक जुनं पत्रक चिकटवून आले: 'साखर तपासा! शेजाऱ्यालाही तपासायला लावा!' लोक माझी पत्रकं वाचत नाहीत अशी माझी कायमची तक्रार होती. काकांनी वाचलं.

दोनेक महिन्यांत मुंबईहून तीनदा डोस वाढला. काकांनी तो इमानेइतबारे टोचून घेतला, कारण "डाक्टर बोलला म्हंजे बोलला." आणि एके दुपारी मावशीचा फोन आला. काका खळ्यावर घामाने भिजले होते, हातपाय थरथरत होते आणि ते बैलाच्या गळ्यात हात टाकून म्हणत होते, "असा कसा जातोस? जेवून जा." मावशी रडत होती. "मला आदी कळलाच नाय गो! यो तर रोज कोनालाबी असाच बोलतंय. डोलं फिरवलंन तवा समाजला. मंग तोंडात गूल कोंबला." साखर पार तळाला गेली होती. मावशी अजून घटकाभर त्याला पाहुणचार समजली असती, तर काका गेलेच होते.

मी मुंबईला फोन लावून डॉक्टरांना फैलावर घेतलं. ते थंडपणे म्हणाले, "फारच अस्थिर केस आहे. सकाळी पंचाण्णव, दुपारी तीनशे वीस. आम्ही त्यांचा आलेख परिषदेत दाखवला, खूप चर्चा झाली." एसटी वैशाखऱ्याला पोचेपर्यंत या चर्चेवर माझं अर्धं पत्रक मनात लिहून झालं होतं.

घरात शिरते तर काका ओटीवर ठणठणीत, समोर तिघे अनोळखी पाहुणे. काका एकाला म्हणत होते, "चा मंग. आदी बोट द्या."

मी किंचाळलेच. "काका, यंत्र तुमच्यासाठी आहे!"

"मंग? घरात यंतर हाय आन् पाव्हना कोराच पाठवू?"

"सुई तरी बदलता का?"

ते दुखावले. "दर मानसाला नवी. मी काय कोनाला उष्टा देतंय?"

उलगडा झाला तो असा. दिवसाच्या चार पट्ट्या, त्यातल्या तीन पाहुण्यांना. यंत्रातलं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं, म्हणून कॉम्प्युटरने चार माणसांची साखर एकाच माणसाची सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र धरून चालवली होती. परिषदेत गाजलेली ती तीनशे वीस साखर वरच्या वाडीतून मोळी घेऊन आलेल्या बाईची होती. फोन नसल्यामुळे योजनेने तिला वगळलं होतं. काकांनी आकडा बघून तिला स्वतः मुरबाडला नेलं आणि औषध सुरू करून दिलं होतं. ते औषध तिला लागू पडलं, आणि तिच्या साखरेचं इन्शुलिन बसलं काकांना.

"यातली तुमची कोणती, काका?"

"शेवटची. पाव्हन्याच्या आदी कोन जेवतंय का, गो?"

मी रोजचे चौथे आकडे तेवढे काढून मुंबईला कळवले. डोस मुकाट उतरला. पत्रक पुरं करायला बसले, तर सुरुवात माझ्याच घोषणेने करावी लागत होती. फाडून टाकलं.

वर्षभराने योजना गुंडाळली. टेलिफोनचा डबा परत नेला, पट्ट्या बंद झाल्या. मी यंत्रात साठलेले आकडे उलटे पाहत गेले. शेवटच्या दिवशी तीनच होते.

"आणि तुमचा?"

"पट्ट्या तिनच उरल्या व्हत्या," काका म्हणाले, "आन् पाव्हनं बी तिघं."

आता पट्ट्या मीच विकत घेऊन वैशाखऱ्याला जाते. काका थकलेत, नजर मंदावली आहे, रस्त्यावरच्या गाड्या हल्ली थांबत नाहीत. ओटीवर बहुतेक वेळा आम्ही दोघंच असतो. मी दारातूनच त्यांचा हात धरायला जाते. ते हात मागे घेतात. "आदी तू. पाव्हनी तू."

सगळ्या जगाशी भांडणारी मी बोट पुढे करते. त्याशिवाय त्यांचा आकडा मिळत नाही.